३.८ किलोमीटरची रेडिओ लिंक: परवान्याची घ्यावी का, आणि पैसे किती धरावेत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. टेरी टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, ऑफिस आणि विक्रीचं दुकान शहराच्या पूर्व भागात. दोन्ही गच्च्यांमधलं सरळ अंतर ३.८ किलोमीटर. ईआरपीचा (माल, हिशेब, बिलं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर ऑफिसात, कारखान्यात पंधरा संगणक, आठ आयपी फोन आणि २४ कॅमेरे. मध्ये फायबर आहे, पण रस्ता खोदला की ती तुटते आणि महिन्यातून दोन-तीनदा काम अडतं. म्हणून दोन गच्च्यांमधल्या बिनतारी जोडणीसाठी, म्हणजे रेडिओ लिंकसाठी, तुम्ही तिघांकडून कोटेशन घेतलं. पहिल्याने ५ गीगाहर्ट्झचा बिनपरवान्याचा रेडिओ सांगितला, जोडी ५५ हजार. दुसऱ्याने १५ गीगाहर्ट्झची परवान्याची मायक्रोवेव्ह लिंक, ४ लाख ८० हजार अधिक जीएसटी. तिसऱ्याने ८० गीगाहर्ट्झचा ई-बँड, सव्वापाच लाख, वर "एक जीबी स्पीड" असं आमिष. आणि तुम्ही विचारलंय, "तिघांत खरं कोण बोलतंय?"

तिघंही खरं बोलत असतील. अडचण अशी आहे की तिघांनीही तुम्हाला रेडिओ विकायला काढलाय आणि तुमचा प्रश्न रेडिओचा नाहीच. या लिंकवरून नक्की काय जाणार आणि ती किती वेळ बंद पडली तर तुम्हाला सोसेल, हे दोन आकडे हातात आल्याशिवाय ५५ हजार स्वस्त की पावणेपाच लाख महाग, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी गेली एकोणीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात आणि आसपास हीच कामं करतोय. अजूनही गच्चीवर चढायच्या आधी मी हे दोन आकडे विचारतो, आणि बहुतेक वेळा मालकांकडे ते नसतात.

पहिला आकडा तुमच्या वतीने मीच काढून बघतो. २४ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तर ९६ एमबीपीएस. ऐकायला मोठं वाटतं, पण ते रेकॉर्डिंग ऑफिसात कशाला आणायचं? रेकॉर्डर कारखान्यातच ठेवा. ऑफिसातून बघताना कॅमेऱ्याची हलकी प्रत, म्हणजे सबस्ट्रीम, येऊ द्या. प्रत्येकी अर्धा एमबीपीएस धरला तरी सगळे मिळून १२ होतात. आठही फोन एकाच वेळी चालू असले तरी मिळून १ एमबीपीएसच्या आत. पंधरा संगणकांवरची ईआरपीची नोंद, चलनं, छपाई यांना १० पुरेत. म्हणजे तुमची खरी गरज २५ ते ३० एमबीपीएसची आहे, तीही खात्रीची. सहा महिन्यांतून एकदा जुनं फुटेज ओढायचं असेल तर ते रात्री ओढा. एक जीबीचं काय करणार? तो वेग तुम्हाला नाही, विकणाऱ्याला हवा आहे.

दुसरा आकडा मात्र तुम्हालाच काढावा लागेल. विक्रेते "९९.९९ टक्के" म्हणतात, त्याचा अर्थ वर्षाला सुमारे ५३ मिनिटं बंद. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. हे पावणेनऊ तास वर्षभर पाच-पाच मिनिटांनी विखुरले तर तुमच्या मुकादमाला कळणारही नाही. पण शनिवारी दुपारी गाडी भरून उभी आहे, ई-वे बिल निघत नाही, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अशा वेळी एक तास गेला तर? त्या एका तासाची किंमत रुपयांत कागदावर लिहा. अंदाजे लिहा, पण लिहा.

आता परवान्याकडे येतो, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहे. परवाना घेतला म्हणजे लिंक "चांगली" झाली असं नाही. परवान्याने तुम्हाला एकच गोष्ट मिळते: तुमच्या टापूत ती फ्रीक्वेन्सी दुसऱ्या कुणाला दिली जात नाही, आणि कुणी घुसलं तर तक्रार करायला दार असतं. परवाना शेजाऱ्यापासून वाचवतो. पावसापासून, विजेपासून, लोडशेडिंगपासून आणि मध्ये उभ्या राहणाऱ्या पाचमजली इमारतीपासून वाचवत नाही.

शेजारी किती त्रासदायक आहे, ते मोजता येतं. ५ गीगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा २०१८ पासून आपल्याकडे परवानामुक्त आहे. मग काय, गावातला प्रत्येक इंटरनेटवाला, प्रत्येक सोसायटी, प्रत्येक मंगल कार्यालय त्याच पट्ट्यात. तुमच्या लिंकचा सिग्नल समजा उणे ५५ डीबीएम येतोय. आसपास शांत असेल आणि मागचा गोंगाट, म्हणजे इतरांच्या रेडिओंचा सिग्नल, उणे ८९ असेल, तर सिग्नल गोंगाटाच्या ३४ डीबी वर राहतो आणि रेडिओ पूर्ण वेगाने धावतो. गोंगाट उणे ७२ झाला की वर उरतात फक्त १७, आणि तोच रेडिओ धापा टाकत चालतो. (डीबी-डीबीएमची सवय नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: ही सिग्नलच्या ताकदीची मापं, उणे आकडा जितका मोठा तितकी ताकद कमी; ३ डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी, १० डीबी कमी म्हणजे दहावा हिस्सा.) पूर्व भागात गच्चीला गच्ची लागून आहे, गोंगाट तिथे जास्त असणार. एमआयडीसीच्या बाजूला बराच कमी. पण असणार-नसणार यावर पैसे लावू नका. रेडिओमध्येच स्कॅनची सोय असते. दोन्ही गच्च्यांवर एक आठवडा तो नुसता ऐकत ठेवा आणि संध्याकाळी सात ते दहाचे आकडे वेगळे काढा. दुपारी बारा वाजता स्कॅन करून "एकदम क्लिअर आहे साहेब" म्हणणारा माणूस मी तरी दुसऱ्यांदा बोलवत नाही.

पावसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझं प्रत्येक गिऱ्हाईक एकच वाक्य म्हणतं: "सोलापुरात पाऊस पडतो कुठं?" वर्षाचा एकूण पाऊस कमी, हे खरं. पण मायक्रोवेव्हला वर्षाचा हिशेब कळत नाही, त्याला फक्त त्या क्षणी किती जोरात कोसळतोय तेवढं कळतं. दिवसभर नुसती रिपरिप चालली तरी तिचा रेडिओला फारसा त्रास नाही. आपल्याकडे मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, दोन्ही एकदम बादली उपडी केल्यासारखे येतात. २०२० च्या ऑक्टोबरमधला पाऊस आठवा. म्हणून मी इथे हिशेब करताना तासाला १०० मिलिमीटरचा जोर धरतो. असा जोर वर्षातून थोडीच मिनिटं टिकतो, पण ९९.९९ टक्क्यांचा सगळा खेळ त्याच मिनिटांचा आहे.

या जोरात १५ गीगाहर्ट्झचा सिग्नल उभ्या ध्रुवीकरणात, म्हणजे लहर उभी डोलत असताना, किलोमीटरला सुमारे ६ डीबी घटतो, आडव्या ध्रुवीकरणात सुमारे ८. पावसाचे थेंब पडताना चपटे होतात म्हणून हा फरक. अर्ज करताना उभं ध्रुवीकरण मागा, फुकटात २ डीबी मिळतात. पूर्ण ३.८ किलोमीटरभर एकसारखा जोर कधीच नसतो, म्हणून परिणामकारक अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास धरतात. एकूण घट साधारण १६ डीबी. आता उलट बाजूने, तुमच्या लिंककडे किती ताकद शिल्लक आहे ते बघू. रेडिओची ताकद १८ डीबीएम, दोन्हीकडे ६० सेंटीमीटरची डिश, प्रत्येकीचा लाभ, म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटल्याने मिळणारी वाढ, ३६ डीबी. हवेतल्या अंतराने जाणारे १२८. म्हणजे समोर पोचले उणे ३८, किरकोळ नुकसान धरून उणे ३९ समजा. २८ मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये पूर्ण वेगासाठी, म्हणजे २५६ क्वाम या वरच्या गिअरसाठी, साधारण उणे ६६ पर्यंत चालतं. हातात उरले २७ डीबी, पावसाने खाल्ले १६. आरामात. ३० सेंटीमीटरची डिश लावली तर दोन्ही टोकं मिळून १० डीबी कमी होतात आणि उरतात १७. तेही काठावर चालेल, कारण आजचे रेडिओ पाऊस वाढला की आपोआप खालच्या गिअरमध्ये येतात. १८० एमबीपीएसवरून ४० वर येतील, पण तुटणार नाहीत. तुमची गरज ३० ची आहे, हे मघाशी काढलंच आहे. फक्त रेडिओत आणि नेटवर्क स्विचमध्ये क्रम लावून ठेवा: आधी ईआरपी आणि फोन, कॅमेरे सगळ्यात शेवटी.

हाच हिशेब ८० गीगाहर्ट्झला लावा. तिथे तोच पाऊस किलोमीटरला ३० डीबीच्या आसपास खातो. अडीच किलोमीटर म्हणजे ७५. अगदी खालच्या गिअरमध्येही ई-बँडकडे इतक्या अंतरावर ४०-४५ डीबीच्या वर काही शिल्लक नसतं. म्हणजे जोराचा पाऊस आला की लिंक बंद, वर्षातून काही तास. शिवाय ६० सेंटीमीटरच्या डिशचा झोत तिथे अर्ध्या अंशाहूनही बारीक असतो, वाऱ्याने खांब डोलला तरी निशाणा चुकतो. १५ गीगाहर्ट्झला तीच डिश सव्वादोन अंशांचा झोत देते, ती माफ करते. ई-बँड वाईट नाही. एक-सव्वा किलोमीटरवर, दोन पक्क्या इमारतींच्या मध्ये, तो फार छान चालतो. तुमच्या ३.८ ला नाही. तिसरं कोटेशन बाजूला ठेवा.

आता वाट. "आमच्या गच्चीवरून कारखान्याची टाकी दिसते" एवढ्यावर भागत नाही. रेडिओची वाट दोरीसारखी नसते, ढोलकीसारखी मध्ये फुगलेली असते. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. तुमच्या अंतरावर ५ गीगाहर्ट्झला मध्यावर त्याची त्रिज्या ७ मीटर, १५ गीगाहर्ट्झला ४.४ मीटर. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. म्हणजे मधल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर ५ गीगाहर्ट्झला सव्वाचार मीटर आणि १५ ला पावणेतीन मीटर मोकळी जागा. जमिनीच्या गोलाईचा धाक काही जण घालतात. एवढ्याशा अंतरात ती वीस-बावीस सेंटीमीटर भरते, विसरा. झाडं मात्र विसरू नका. कडुनिंब एप्रिलमध्ये पालवतो आणि पानगळीत मोजलेली मोकळी वाट बुजते.

अडथळा नेहमी कायमचा असतो असंही नाही. एकदा माझी एक लिंक दरवर्षी जानेवारीत, तेही फक्त संध्याकाळी, अडखळायची. सकाळी गेलो की सगळं ठणठणीत. केबल बदलली, रेडिओ बदलला, गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली. तिसऱ्या वर्षी कंटाळून संध्याकाळीच गच्चीवर जाऊन बसलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर लागणारा मोठा पाळणा बरोबर वाटेत फिरत होता. पाळणा थांबला की लिंक सुरळीत. डिश तीन मीटर वर नेली, विषय संपला.

खांब जमिनीवर उभा करू नका, असं मी आपल्या भागात नेहमी सांगतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पाया हलवते. इमारतीच्या कॉलमला धरून उभा केलेला खांब बरा. ६० सेंटीमीटरच्या डिशवर ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ४० किलोचा रेटा येतो, ३० सेंटीमीटरच्या डिशवर त्याचा चौथा हिस्सा. पत्र्याच्या शेडच्या अँगलला बांधलेली डिश पहिल्या वळिवात तोंड फिरवते. अर्थिंग मोजून घ्या, आणि ते मे महिन्यात मोजा. ओल्या काळ्या मातीत ऑगस्टमध्ये रीडिंग कुणाचंही सुंदर येतं. मला ५ ओहमच्या आत लागतं. दोन्ही टोकांना केबलवर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारा, हवाच. रेडिओ बाहेरच्या उन्हाला सहसा टिकतो, मरतो तो पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला त्याचा पॉवर अ‍ॅडॉप्टर. आणि कारखान्यातला स्विच मागांच्या शेडमध्ये ठेवू नका, कापसाचे बारीक तंतू त्याचा पंखा दोन महिन्यांत गुंडाळून टाकतात.

निशाणा लावताना माझ्या हातून झालेली चूकही सांगून टाकतो. एका लिंकवर सिग्नल हिशेबापेक्षा २० डीबी कमी येत होता. लिंक चालत होती, म्हणून मी "रेडिओ कमजोर असेल" म्हणून सोडून दिली. पहिल्या जोराच्या पावसात ती झोपली. मुख्य झोताच्या बाजूला छोटे उपझोत असतात, मी दोन दिवस घाम गाळून त्यातल्याच एकावर डिश घट्ट केली होती. तेव्हापासून नियम केला: कागदावरचा आकडा आणि गच्चीवरचा आकडा यांत ३ डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर बिल द्यायचं नाही. तुमच्या करारातही हे लिहून घ्या. त्यासाठी आधी विक्रेत्याने हिशेबाचा कागद द्यायला हवा. तिघांपैकी कुणी दिलाय?

परवान्याची वाट कशी असते, तेही बघा. अर्ज दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे, सरल संचार पोर्टलवरून. खांबाच्या जागेसाठी आणि उंचीसाठी सॅकफा या सरकारी समितीची मंजुरी वेगळी. अक्षांश-रेखांश अचूक द्यावे लागतात. विमानतळ होटगी रोडला आहे आणि २०२३ च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून पाडली गेली, हे सोलापूरकराला सांगायला नको. उंचीचा कागद इथे हलक्यात घेऊ नका. वेळ महिन्यांत धरा, आठवड्यांत नाही.

यात एक पाचर आहे, ती कोटेशनमध्ये दिसत नाही. कोणती फ्रीक्वेन्सी द्यायची ते तुम्ही किंवा तुमचा विक्रेता ठरवत नाही, डब्ल्यूपीसी ठरवते. बाहेर लावायचा रेडिओ तर ठरावीक उपपट्ट्याचाच असतो. १५ चा रेडिओ १८ वर चालत नाही, आणि १५ मध्येसुद्धा वरच्या टोकाचा नग खालच्या टोकाला चालत नाही. म्हणून फ्रीक्वेन्सीचं पत्र हातात यायच्या आधी रेडिओचे पैसे देऊ नका. फार तर थोडी इसार रक्कम द्या, तीही परत मिळेल या अटीवर. विक्रेत्याकडे असले रेडिओ बाळगायचा आणि विकायचा परवाना आहे का, तेही विचारा. पहिल्या कोटेशनमधल्या ५ गीगाहर्ट्झच्या रेडिओला परवाना लागत नसला तरी त्याची ईटीए, म्हणजे उपकरणाची प्रकारमान्यता, लागते. ती प्रत मागा.

आणखी एक. स्वतःच्या वापराच्या परवान्यावर फक्त स्वतःचीच माहिती जाऊ शकते. कारखाना भागीदारी फर्मच्या नावाने आणि दुकान चिरंजीवांच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने असेल, तर आपल्याकडे ते "एकच घर" असतं, पण कागदावर नसतं. हे आधी तपासा. आणि शेजारच्या कारखान्याला उरलेलं इंटरनेट विकायचा विचार मनात असेल तर तो तिथेच सोडा.

फ्रीक्वेन्सी वापरण्याची सरकारी रॉयल्टी तीन गोष्टींच्या गुणाकाराने निघत आली आहे: अंतराचा टप्पा, चॅनलची रुंदी आणि फ्रीक्वेन्सींची संख्या. तुमचं अंतर लहान, हे तुमच्या फायद्याचं. रुंदी मात्र तुमच्या हातात आहे. ५६ मेगाहर्ट्झ मागू नका, २८ पुरतं. किंबहुना १४ मिळालं तरी तुमचे ३० एमबीपीएस सहज बसतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर जुनी चौकट नव्याने बसवली जातेय, म्हणून रुपयांचा आकडा विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका, अर्जाच्या दिवशी लागू असलेल्या परिपत्रकातून घ्या. आणि हा खर्च दरवर्षीचा आहे, हे ठळक लिहून ठेवा.

आता पैसे. मी कधीही रेडिओची किंमत रेडिओशी ताडून बघत नाही, पाच वर्षांचा खर्च महिन्यावर आणून बघतो. माझ्या अलीकडच्या कामांवरून ढोबळ धरतो, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल. एका टोकाला ताणतारांसह नऊ मीटरचा खांब ५० हजार, अर्थिंग आणि वीजरोधक २७, यूपीएस आणि बॅटरी ३५, सर्ज प्रोटेक्टर, केबल वगैरे ५. झाले १ लाख १७ हजार. दोन टोकांचे २ लाख ३४. उभारणी आणि निशाणा ४५ हजार धरले की रेडिओ सोडून २ लाख ८० च्या घरात गेलो. त्यात परवान्याची जोडी ४ लाख ८० मिळवा, ७ लाख ६० झाले. पहिलं वर्ष वॉरंटीचं सोडून चार वर्षं देखभाल, वर्षाला रेडिओच्या दहा टक्के, म्हणजे १ लाख ९२. एकूण साडेनऊ लाख, महिन्याला सोळा हजारांच्या आसपास. रॉयल्टी यावर वेगळी. जीएसटी मी मुद्दाम सोडलाय, रेडिओवरचा १८ टक्के तुम्हाला बहुधा वजा मिळेल. खांबाबद्दल मात्र सीएला विचारा, टेलिकॉम टॉवर म्हटलं की क्रेडिटचे नियम निराळे होतात.

५ गीगाहर्ट्झला हाच हिशेब लावा. ५५ हजारांची जोडी, पाच वर्षांत एकदा बदलावी लागेल म्हणून आणखी ५५, आणि वरचे २ लाख ८०. एकूण ३ लाख ९०, महिन्याला साडेसहा हजार. म्हणजे कोटेशनवर दिसणारा जवळजवळ नऊपटीचा फरक रॉयल्टी सोडता अडीचपटीवर येतो. तुमचा पहिला विक्रेता ५५ हजार सांगतोय, कारण खांब, अर्थिंग आणि बॅटरी त्याने धरलेलीच नाही. तो खोटं बोलत नाही, तो डिश पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधणार आहे.

दुसऱ्या कोटेशनमध्येही तीन ओळी शोधा. डिश आणि माउंट धरले आहेत का? स्पीडचा परवाना कितीचा आहे? हे रेडिओ अनेकदा ५० किंवा १०० एमबीपीएसला बांधून विकतात आणि पुढचं कुलूप उघडायला पुन्हा पैसे घेतात. आणि एक टोक विजेने गेलं तर बदली नग किती दिवसांत, आणि कुठून येणार? पुण्याहून दुसऱ्या दिवशी आणि परदेशातून सहा आठवड्यांनी, यांत केवढा फरक आहे ते मी भोगलंय.

चौथा रस्ता तिघांनीही सांगितला नाही, कारण त्यात त्यांचं काही विकलं जात नाही. एखाद्या दूरसंचार कंपनीकडून दोन टोकांमधली लाइन भाड्याने घ्या, स्पेक्ट्रम आणि परवाना त्यांचा. "आरएफ लीज्ड लाइन" या नावाने मिळते. फक्त ती परवान्याच्या पट्ट्यात आहे की हाच ५ गीगाहर्ट्झ तुम्हाला महागात विकताहेत, ते लेखी घ्या. माझ्या पाहण्यात बऱ्याच वेळा दुसरंच निघालंय.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? फायबर काढली नसती. फायबर जेसीबीने तुटते, रेडिओ विजेने किंवा पावसाने पडतो. दोन्ही एकाच वेळी जायचा योग क्वचित. दोघांच्या मध्ये आपोआप बदल करणारा राउटर लावला असता. खांब, अर्थिंग आणि बॅटरी परवान्याच्या लिंकला साजेशी, म्हणजे ६० सेंटीमीटरची डिश पेलेल अशी, आत्ताच करून घेतली असती. रेडिओ मात्र यंदा ५ गीगाहर्ट्झचाच लावला असता, २० मेगाहर्ट्झच्या अरुंद चॅनलवर. रुंदी जितकी कमी, तितकी गोंगाटातून वाट काढणं सोपं, आणि ३० एमबीपीएसला तेवढी पुरते. वर्षभर त्याची नोंद ठेवली असती. संध्याकाळचा गोंगाट उणे ७५ च्या वर जाऊन कायम बसला, किंवा तुम्ही कागदावर लिहिलेली त्या एका तासाची किंमत महिन्याच्या दहा-बारा हजारांच्या फरकाला भारी पडली, तर परवान्याचा अर्ज करायचा. तोवर बांधलेलं काही वाया जात नाही, फक्त ५५ हजारांची जोडी उतरून राखीव म्हणून कपाटात जाते.

गोंगाट आजच उणे ७५ च्या वर असेल तर मात्र वर्ष घालवू नका, अर्जाला आत्ताच लागा.

यातलं काहीही करायच्या आधी एक बिनपैशाचं काम करा. सकाळी आठ-साडेआठला एक माणूस ऑफिसच्या गच्चीवर हातभर आरसा घेऊन उभा करा आणि तुम्ही कारखान्याच्या गच्चीवर फोन घेऊन थांबा. कारखाना ऑफिसच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन ऑफिसवाल्याला तुमच्याकडे सहज परतवता येईल. ३.८ किलोमीटरवरून आरशाची चमक स्वच्छ दिसते. दिसली तर तिथूनच ऑफिसच्या दिशेने मोबाइलचा झूम लावून एक फोटो काढा. चमकेच्या खाली मधल्या इमारती आणि झाडं किती जवळ येतात ते त्यात कळेल, खांबाची उंची त्यावरून काढू. चमक दिसलीच नाही तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आधी वाटेत काय आडवं येतंय ते शोधा.